सहा महिने झाले तरी ‘ना’ आणि ‘तिट’च? तबला शिकणाऱ्या मुलीच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नऊ वर्षांची. दिवाळीनंतर तिला तबल्याच्या क्लासला घातलं, आठवड्यातून दोनदा जाते. सहा महिने होत आले तरी सर ‘ना’, ‘तिट’, ‘घे’ हे सुरुवातीचे बोल आणि तीनतालाचा ठेका (तालाचे ठरलेले बोल) यांच्या पुढे सरकलेले नाहीत. शेजारचा मुलगा मात्र मोबाईलवर बघून गाण्यांना झकास कहरवा (आठ मात्रांचा ताल) वाजवतो. मग क्लास बदलावा का? घरी रियाज किती करून घ्यावा? परीक्षेला कधी बसवावं? सासऱ्यांचा जुना तबला माळ्यावर आहे, तो चालेल का? आणि पत्राच्या शेवटी, जरा संकोचून, आईनं विचारलं आहे की चाळिशी उलटल्यावर तिला स्वतःला शिकता येईल का.

मी लहान मुलांना आणि मोठ्यांनाही तबला शिकवतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. मुख्य गोष्ट आधी सांगतो. सहा महिन्यांत किती बोल झाले, किती ताल झाले, याची यादी करू नका. मुलीला शेजारी बसवा आणि सलग दहा ‘ना’ वाजवायला सांगा, हळू, एका चालीत. तुम्ही डोळे मिटून ऐका. दहाही सारखे ऐकू आले, प्रत्येकाची आस, म्हणजे आघातानंतर उरणारा नाद, मागे रेंगाळली, तर सरांनी सहा महिन्यांत फार मोठं काम केलेलं आहे. चार गोड, तीन ठस्स आणि तीन कर्कश आले, तर अजून तिथेच थांबायला हवं, आणि सर थांबले आहेत ते बरोबरच आहे.

‘ना’वर एवढा वेळ का जातो, हे बाहेरून कळत नाही. तर्जनी चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, पडते, एवढंच दिसतं. खरं काम अनामिकेचं असतं. ती शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोल लेपाच्या, कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी वाजते तेव्हा जागची हलत नाही. पुडीचं, म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणलेलं, सगळं कातडं एकदम खाली-वर होण्याचं जे सर्वांत ढोबळ कंपन असतं, ते त्या एका बोटाच्या स्पर्शानं दबतं. बाकीची कंपनं मोकळी राहतात आणि स्वच्छ, सुरेल ‘ना’ निघतो. साध्या ढोलातून असा नेमका सूर निघत नाही, तबल्यातून निघतो, याचं कारण मधली शाई. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३४ साली यावर लिहिलं होतं. मधोमध चढवलेल्या शाईच्या वजनामुळे पुडीची वेगवेगळी कंपनं एकमेकांशी सुरेल नात्यात येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पिढ्यान्‌पिढ्या शाईचे पातळ थर घोटत बसलेल्या कारागिरांनी हे कानानंच साधलं होतं.

मुलांच्या हाती हा ‘ना’ बहुतेक तीन ठिकाणी बिघडतो. पहिलं म्हणजे तर्जनी पडल्यावर तिथेच चिकटून राहते आणि आस मरते. त्यासाठी मी मुलांना सांगतो, गरम तव्याला बोट लागल्यावर जसं उचलतो तसं उचल. एवढं एक वाक्य पुरतं. दुसरं, अनामिका टेकवायच्या ऐवजी दाबली जाते आणि आवाज लाकडी येतो. यावर बोलून उपयोग नसतो, हाताला दाखवावं लागतं. अनामिका पूर्ण उचलायला लावायची आणि तर्जनीनं वाजवायचं; मोकळा, घुमणारा आवाज येतो. मग वाजवत असतानाच अनामिका हळूहळू खाली आणायची. एका क्षणी घुमारा जातो आणि नुसता सूर उरतो. तो क्षण मुलीनं स्वतःच्या कानानं पकडला की दाब किती हवा हे तिला कुणी सांगावं लागत नाही. हा प्रयोग तुम्ही घरीही करू शकता, मात्र सरांना विचारून, कारण काहींना मुलांनी मधेच बोट उचललेलं आवडत नाही. तिसरा बिघाड मनगटाचा. नुसत्या बोटानं ठोकलं की बोट दुखतं आणि आवाज चिरका येतो. हात मनगटातून किंचित वळला पाहिजे आणि खांदा खाली सैल हवा. मुलगी वाजवताना खांदे कानाकडे चढत असतील, तर वेळ न बघता तिथेच थांबवा आणि हात झटकायला सांगा.

बोलाचा आवाज असा नीट काढण्यालाच आमच्यात निकास म्हणतात. निकास एकदा चुकीचा बसला की तो नंतर मोडून पुन्हा घडवणं हे नव्यानं शिकण्यापेक्षा अवघड असतं. दोन-तीन वर्षं स्वतःच्या मनानं वाजवून आलेल्या मुलांना मी ‘ना’पासून सुरुवात करायला लावतो, तेव्हा त्यांचा चेहरा उतरतो, आणि मलाही ते करवत नाही. पण दुसरा रस्ता नसतो.

आता शेजारच्या मुलाबद्दल. त्याला कमी लेखू नका. कुणी न शिकवता गाण्याची लय पकडून कहरवा धरतो, म्हणजे त्याचा कान तयार आहे आणि त्याला वाजवायची भूक आहे. या दोन गोष्टी क्लासला येणाऱ्या कितीतरी मुलांमध्ये नसतात. त्याच्या आईवडिलांनी त्याला लवकर चांगल्या हाताखाली घालावं, इतकंच. तुमच्या मुलीची आणि त्याची तुलना मात्र तिच्या देखत कधीही करू नका.

मला तुमच्या पत्रात खटकलं ते वेगळंच आहे. सहा महिन्यांत ती कशाबरोबर तरी वाजवते आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नुसता निकास आणि नुसता ठेका, समोर ना गाणं ना लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून), असं सहा महिने चाललं असेल तर मी सरांशी बोलेन. भांडायला नव्हे, विचारायला. तबला हे मुळात सोबतीचं वाद्य आहे. सम (तालाची पहिली मात्रा) म्हणजे काय हे मुलाला फळ्यावर कळत नाही; गाण्याची ओळ फिरून जिथे येऊन पडते तिथे आपला ‘धा’ पडला की कळतं. मी तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून आठवड्याला एकदा तरी मुलांना एखाद्या ओळखीच्या अभंगाबरोबर किंवा आरतीबरोबर कहरवा किंवा दादरा धरायला लावतो. ‘धा गे ना ती, ना क धिं ना’ एवढंच, त्यात एकही तुकडा नाही. निकास कच्चा असला तरी चालतो. मराठी घरात तर याची तयारी आधीच झालेली असते. गणपतीत दहा दिवस टाळ वाजवलेल्या मुलाला आठ मात्रा शिकवाव्या लागत नाहीत, त्याला फक्त त्यांची नावं सांगावी लागतात.

साथ म्हणजे दुय्यम काम, अशी समजूत पालकांमध्ये दिसते. उस्ताद अहमदजान थिरकवा हे एकल तबलावादनातलं शिखर मानलं जातं, आणि तेच थिरकवाखाँसाहेब बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत नाट्यपदांना साथ करत होते. साधा ठेका सुंदर वाजवणं किती मोठी गोष्ट आहे, हे त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या की कळतं. मुलीला त्या ऐकवा. समजावू नका, नुसत्या लावून ठेवा.

क्लास चांगला आहे की नाही हे ओळखायची माझी दुसरी खूण म्हणजे पढंत. मुलगी वाजवण्याआधी तोंडानं म्हणते का, हातावर टाळी आणि खाली (टाळी न देता हात बाजूला नेणं) दाखवत? तिला तीनताल म्हणायला सांगा: ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’. सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, खाली नवव्या मात्रेला. ती म्हणत असताना मधेच तिला दुसरंच काहीतरी विचारा, ‘डब्यात काय नेलं होतंस?’ असं. तिनं हात चालू ठेवून उत्तर दिलं आणि पुन्हा नेमक्या मात्रेवर बोल उचलला, तर ताल तिच्यात उतरला आहे. हात थांबला, तर तो अजून पाठ केलेल्या कवितेसारखाच आहे. गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर यांच्या लयीच्या हुकमतीच्या गोष्टी जुने लोक अजून सांगतात. त्या हुकमतीची पहिली पायरी हीच, हातावरचा ताल.

तीनतालातच एक बारकी जागा आहे, तिथे जवळजवळ प्रत्येक मूल अडखळतं. हाताची खाली नवव्या मात्रेला येते, पण त्या मात्रेवर बोल ‘धा’ आहे, म्हणजे डग्गा (डाव्या हाताचं घुमणारं भांडं) अजून बोलतोच आहे. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेच्या ‘तिं’ला. पुढे तेराव्या मात्रेला टाळी येते, पण तिथे ‘ता’ आहे, डग्गा अजून गप्पच. तो परत येतो चौदाव्याच्या ‘धिं’ला. हात आणि डग्गा एका मात्रेनं मागे-पुढे चालतात. मुलं नवव्यालाच डग्गा सोडून देतात किंवा तेराव्याला घाईनं ‘धा’ घालतात. तोंडानं नीट म्हणून घेतलं असेल तर ही चूक दोन दिवसांत जाते. न म्हणता वाजवलं तर महिनोन्‌महिने टिकते, आणि शिक्षकाला वाटतं मुलाचं लक्ष नाही.

रियाजाबद्दल माझं मत ठाम आहे. नऊ वर्षांच्या मुलीला रोज वीस मिनिटं पुरे. रविवारी दोन तास आणि बाकी आठवडा शून्य, यानं हात तयार होत नाही. वेळ शक्यतो ठरलेली असावी; शाळेतून आल्यावर खाऊन झालं की, असं काहीतरी. सुरुवातीला थोडी पढंत, मग ‘ना’, ‘तिट’, ‘घे’ अगदी संथ, मग ठेका लेहऱ्याबरोबर, आणि शेवटची पाच मिनिटं तिला जे वाटेल ते. ही शेवटची पाच मिनिटं काढून घेऊ नका, तिथेच आवड टिकते. लेहऱ्याची ॲप मोबाईलवर मिळतात. मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास लय ठेवा आणि आठवडाभर ती वाढवूच नका. मुलं बटण दाबून लय चढवतात, म्हणून फोन तुमच्याकडे ठेवा. शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत तबला बांधून ठेवलात तरी चालेल, पण दहा मिनिटांची पढंत चालू राहू द्या, ती रिक्षातही होते.

पुढे सर पहिला कायदा (विस्तार करत वाजवायची बोलांची रचना) देतील, बहुतेक ‘धाधातिट धाधातूंना’, दिल्लीचा. त्याच्यावर चार पलट्यांसह (त्याच बोलांच्या उलटसुलट मांडणीसह) तीन-चार महिने घालवले तर कंटाळू नका. बरोबरीत, म्हणजे मूळ लयीत, स्वच्छ वाजल्याशिवाय दुप्पट मागायची नाही. आणि ‘तिट’ कुठल्या बोटांनी वाजवायचं यावर इंटरनेटवर शोध घेऊ नका. कुणी ‘ति’ला एकटं मधलं बोट घेतं, कुणी मधलं-अनामिका-करंगळी एकत्र, घराण्याप्रमाणे आणि गुरूप्रमाणे हात वेगळा असतो. तुमच्या सरांचा जो हात आहे तोच तिचा, निदान पहिली काही वर्षं.

बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळतात, ते जातं. मनगट, कोपर किंवा खांदा दुखत असेल तर ते चुकीच्या बैठकीचं किंवा ताणाचं लक्षण आहे, लगेच सरांना सांगा. लहान मुलीला तबला उंच पडतो, आणि मग ती खांदा उचलून वाजवते. तिला घडी घातलेल्या गोधडीवर बसवा किंवा चुंबळ पातळ घ्या, निम्मं दुखणं तिथेच संपतं. नखं कापलेली हवीत. आणि हाताला पावडर चिमूटभर. पुडीवर पांढरी रांगोळी झाली तर समजा जास्त झाली.

परीक्षांचं आता. महाराष्ट्रात बहुतेक क्लास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात. प्रारंभिकपासून सुरुवात, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, दोन मध्यमा, पुढे विशारद आणि अलंकार. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्यांच्या पश्चात शिष्यांनी ही परंपरा मंडळाच्या रूपानं सगळीकडे नेली. घराणेदार विद्या चार भिंतींत अडकलेली असताना सामान्य घरातल्या मुलांना ती मिळायला लागली, हे फार मोठं काम आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परीक्षेचा आणखी एक फायदा म्हणजे मुलाला ताल लिहिता येतो. फक्त दोन पद्धतींत गोंधळ होतो तो आधीच सोडवा: भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य, तर पलुसकर पद्धतीत समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकचं चिन्ह.

तरीही प्रत्येक सत्राला एक परीक्षा, हा धडाका मला मान्य नाही. दहावीत वाढीव गुण मिळावेत म्हणून पाचवीपासून हिशोब मांडून मुलांना पुढे ढकललं जातं. अशी मुलं मध्यमेपर्यंत पोचतात, त्यांना वीस ताल पाठ असतात, आणि कुणी साधं भजन गायला बसलं तर ठेका धरता येत नाही. हे पाहून मला वाईट वाटतं, कारण त्या मुलांनी कष्ट केलेले असतात. तुमच्या मुलीला प्रारंभिकला वर्ष-दीड वर्षानं बसवा. दोन परीक्षांच्या मधे एक सत्र असं जाऊ द्या की ज्यात ती फक्त वाजवेल आणि ऐकेल. गुणांचा फायदा झाला तर आनंदच आहे, त्याच्यासाठी वेळापत्रक आखू नका.

क्लास बदलावा का, याचं उत्तर एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. ‘ना’ सुधारतो आहे, पढंत होते आहे, मुलगी क्लासला जायला कुरकुर करत नाही, तर बदलू नका. सर स्वतः वाजवून दाखवत नाहीत, पंधरा मुलं एकदम बडवत बसतात आणि कुणाच्या हाताकडे कुणी बघत नाही, अशी स्थिती असेल तर बदला, आणि लवकर बदला. ऑनलाइन वर्ग हा पर्याय मी नवशिक्यांना शेवटचा सांगतो. परदेशातल्या मराठी घरांना दुसरा इलाजच नसतो आणि तिथली मुलं तशीही शिकतात, पण आवाज उशिरा पोचत असल्यानं गुरू-शिष्य एकत्र वाजवू शकत नाहीत, आणि ‘ना’ची आस तर मायक्रोफोनमध्ये निम्मी हरवते. समोरासमोर शिकायची सोय असताना ती सोडू नये.

राहिला सासऱ्यांचा तबला. तो खाली काढा आणि आधी डग्गा उचलून बघा. तांब्याचा किंवा पितळेचा असेल, हाताला चांगला जड लागत असेल, तर तो ठेवाच. असा डग्गा आज घ्यायला गेलात तर बरेच पैसे पडतात. पोचे आले असतील तर कारागीर काढून देतो. मग दायाचं, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याचं, तोंड मोजा. सहा इंचांच्या आसपास भरलं तर तो ढाला तबला आहे, पेटीच्या काळी चार-पाचच्या पट्टीत बोलणारा, बायकांच्या गाण्याच्या साथीला लागतो तसा. तो नऊ वर्षांच्या मुलीला देऊ नका. चाट आणि शाई यांच्यातलं अंतर तिच्या बोटांना झेपत नाही आणि हात ताणला जातो. तिच्यासाठी सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा, काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये लागणारा शिसवी तबला घ्या. विकत घेताना सरांना बरोबर न्या, आणि दुकानात पुडीवर सगळीकडून ‘ना’ वाजवून बघायला सांगा; सगळ्या बाजूंनी एकच सूर लागला पाहिजे. हातोडी मुलीच्या हाती पहिलं वर्षभर देऊ नका. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून मारलं की सूर चढतो, खालून मारलं की उतरतो, हे तिला माहीत असू द्या, पण नेम चुकून शाईवर एक घाव बसला की पुडी गेली. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो, तेव्हा ठोकत बसू नका. तबला कपड्यात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवला की बराचसा वर येतो.

त्या जुन्या दायाला नवी पुडी चढवून घ्या आणि तो तुम्ही वाजवा. चाळिशीनंतर तबला शिकता येतो. मोठ्या माणसाला समजतं पटकन आणि हात मात्र सावकाश ऐकतो, लहान मुलाच्या नेमकं उलट. त्यामुळे पहिल्या वर्षी मोठी माणसं स्वतःवरच चिडतात आणि सोडून देतात. तुम्ही चिडणार नसाल तर दुसऱ्या वर्षाअखेरीस भजनाला बऱ्यापैकी साथ करू शकाल. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर स्टँडवर तबला ठेवून खुर्चीत बसा, काही बिघडत नाही. बायकांनी तबला वाजवायचा का, असं कुणी घरात विचारलं तर त्यांना मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांचं नाव सांगा. मैफलीत एकल तबला वाजवणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते, आणि तबल्याच्या घराण्यांवर त्यांनी अभ्यासपूर्ण लेखनही केलं.

एक पथ्य पाळा. मुलीच्या क्लासच्या वेळेला तुम्ही शिकू नका, स्वतःची वेगळी वेळ घ्या, आणि घरी तिचा हात दुरुस्त करायला जाऊ नका. तिला म्हणा, मला तीनताल म्हणून दाखव, मी चुकते तिथे थांबव. नऊ वर्षांची मुलगी आईची चूक काढायला मिळाली की पढंत कशी चोख करते ते बघा.